उल्हासनगर ते कात्रप, नवरीसह

विमानतळाबाहेर दाजी गाडी घेऊन उभे होते. गाडी जुनीच, पण महिन्याभरापूर्वी त्यांनी घेतलेली, म्हणून त्यांच्यासाठी नवी. माझ्या हातात चावी देत ते म्हणाले, "घ्या, आता तुमच्यासारखा माणूस असताना आम्ही कशाला चालवायची?"

मी ऐटीत दार उघडून आत बसलो आणि स्टिअरिंग शोधू लागलो. समोर नुसता कागदपत्रं ठेवायचा कप्पा होता. दाजी दुसऱ्या दारातून डोकावले.

"काय शोधताय?"

"काही नाही, पट्टा," मी म्हटलं. पट्टा लावला आणि फार दमलोय असं सांगून अंबरनाथपर्यंत तिथंच बसून राहिलो.

मी मस्कतमध्ये एका कुटुंबाकडे ड्रायव्हर आहे. एकोणीस वर्षं झाली. गाडी शिकलो तीही तिकडेच, रस्त्याच्या उजव्या बाजूनं, डावीकडच्या स्टिअरिंगवर. दर दोन वर्षांनी सुट्टीवर अंबरनाथच्या बुवापाड्यात ताईकडे येतो, पण तेव्हा रिक्षात मागे बसून फिरतो, आणि मागे बसलेल्या माणसाला सगळेच रस्ते सोपे वाटतात. स्वतःच्या देशात मी आजवर एक मीटरही गाडी चालवली नव्हती. हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

या वेळी भाचीचं, प्रज्ञाचं लग्न होतं. ताईनं आधीच जाहीर करून टाकलं होतं, "नवरीच्या गाडीला बाहेरचा ड्रायव्हर कशाला? आपल्या घरचा इंटरनॅशनल आहे!" माझ्याकडे तिकडचा आंतरराष्ट्रीय परवानाही होता. ताईनं तो पुस्तकासारखा उघडून शेजारच्या बायकांना दाखवला. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

सरावासाठी मी पालेगावची बाजू निवडली. तिथं नव्या इमारती उठताहेत आणि रस्ते असे रुंद की बघून मस्कतची आठवण यावी. पहिलं वळण आलं. मी तिकडच्या सवयीनं इंडिकेटरसाठी डावी दांडी ओढली आणि लख्ख उन्हात वायपर सुरू झाले. पुढच्या वळणावरही तेच. चार वळणांत माझी समोरची काच एकदम स्वच्छ झाली. मग तो सुंदर, चौपदरी रस्ता एका भिंतीपाशी येऊन संपला. भिंतीपलीकडे एक काका म्हशी चारत होते.

"काका, पुढं रस्ता नाही?"

"हाय ना," ते शांतपणे म्हणाले. "पन कागदाव हाय. माज्या म्हशींना वाचता येत न्हाय, म्हनून त्या चरतात."

मी गाडी मागे घ्यायला लागलो. काका वायपरकडे बघत होते.

"पाऊस हाय का तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं.

लग्न बदलापूरला, कात्रपच्या हॉलमध्ये, साडेबाराला होतं. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, पण हॉलची वेळ असते आणि ती कुठल्याही ग्रहापेक्षा कडक असते. शिवाय बौद्धाचार्यांना (आमच्यात लग्न लावणारे) तीन वाजता दुसरीकडे जायचं होतं. प्रज्ञाला मात्र सजायचं होतं ते उल्हासनगरच्याच पार्लरमध्ये, कारण तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथंच सजल्या होत्या. मी अकराला तिला तिथून उचलायचं आणि अंबरनाथवरून सरळ कात्रप गाठायचं, असा बेत.

मी साडेदहालाच पोचलो. पार्लरखाली जागा मिळाली म्हणून खूश झालो. अकराला प्रज्ञा खाली आली. पांढरी साडी, केसांत मोगरा, फार सुरेख दिसत होती. आणि मग पाहिलं, माझ्या गाडीला खेटून दुसरी एक गाडी उभी. आत कुणी नाही. समोरच्या कापडाच्या दुकानातून एक सिंधी शेटजी हात हलवत म्हणाले, "साईं (सिंधी लोकांत आदरानं मारायची हाक), दो मिनिट!"

मस्कतमध्ये दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. इथं तो वेळ नसून नमस्कारासारखा काहीतरी प्रकार असावा. शेटजींचं गिऱ्हाईक पडद्याची कापडं बघत होतं, आणि गाडी गिऱ्हाइकाची होती. वीस मिनिटांनी गिऱ्हाईक बाहेर आलं. नवरीला बघून त्यानं हात जोडले, "अरे, शादी है क्या? पहले बोलना था ना!" जसं काही मी तिथं हवा खायला उभा होतो.

निघालो. काँक्रीटसाठी अर्धा रस्ता खोदलेला. उरलेल्या अर्ध्यात दोन्ही बाजूंची वाहनं, आणि खड्ड्याच्या कडेला कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचा फलक. त्यात सतरा माणसं हसत होती. त्या फलकामागे दिशा दाखवणारी पाटी होती, असं प्रज्ञानं सांगितलं. ती तिनं शाळेत असताना पाहिली होती.

पुढच्या चौकात मी थांबलो. उजवीकडून रिक्षा, टेम्पो, स्कूटर यांची न तुटणारी रांग. नियम साधा आहे: रिकामी जागा मिळाली की जायचं. मी वाट बघू लागलो. मागून हॉर्न सुरू झाले. एक मोटारसायकलवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "काका, सो गए क्या?" घड्याळात पावणेबारा झाले.

"मामा, कुणाची वाट बघताय?" मागून प्रज्ञा म्हणाली.

"जागा मिळायची."

"इथं जागा मिळत नसते हो. नाक घालायचं आणि पुढे व्हायचं."

मी नाक घातलं. म्हणजे निम्मंच घातलं आणि घाबरून थांबलो. डावीकडून घुसलेल्या एका रिक्षानं माझा डावा आरसा खटकन उडवला. मी लगेच इंजिन बंद केलं, धोक्याचे दिवे लावले, खाली उतरलो आणि मोबाईलनं फोटो काढू लागलो. तिकडे असंच शिकवलंय. चौक पूर्ण बंद झाला.

रिक्षावाला उतरून माझ्याकडे बघत राहिला. "हे काय करतोस, भाऊ?"

"फोटो. पोलीस येईपर्यंत गाड्या हलवायच्या नाहीत."

"पोलीस?" त्यानं आजूबाजूच्या लोकांकडे बघितलं. "अरे, आरसा बाहेर कशाला ठेवला पण? इथं कोण आरसे उघडे ठेवतं?"

गर्दीत लगेच दोन तट पडले. एक म्हणत होता रिक्षाची चूक, दुसरा म्हणत होता आरशाची. आरसा तारेला लोंबकळत होता. एकोणीस वर्षं ज्या एका गोष्टीवर घर चालवलं, ती मला येत नाही हे सगळा चौक बघत होता.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. प्रज्ञा साडी सावरत उतरली. "दादा," ती रिक्षावाल्याला म्हणाली, "साडेबाराला माझं लग्न आहे. भांडायचं असेल तर कात्रपला या, जेवणही आहे."

रिक्षावाला हसला. त्यानंच हात आडवे करून टेम्पो थोपवला. प्रज्ञानं माझ्याकडे हात पुढे केला. "चावी."

"तुला येते?"

"लायसन आहे माझं. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

मी तिची थैली मांडीवर घेऊन डाव्या बाजूला बसलो. तिनं चप्पल काढली, साडी गुडघ्यापर्यंत ओढून घेतली आणि उरलेला आरसा आत मुडपला. मग ती पोरगी जी निघाली! ती गाडी चालवत नव्हती, रस्त्याशी बोलत होती. एकाला डोळ्यांनी थांब, दुसऱ्याला हातानं ये, तिसऱ्याला "ओ काका, आम्ही काय पाहुणे आहोत का?" बदलापूरच्या उड्डाणपुलावर सगळं ठप्प होतं, तर तिनं काच खाली करून एका ट्रकवाल्याला नुसता हातातला हिरवा चुडा दाखवला. ट्रक मागे सरकला. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता. दोन्ही एकदम वाटलं की माणूस मांडीवरची थैली घट्ट धरून बसतो.

हॉलच्या दारात बारा पस्तीसला पोचलो. स्वागताला उभ्या वऱ्हाडानं नवरीला स्टिअरिंगवरून उतरताना पाहिलं आणि एकच हशा पिकला. ताईचं तोंड मात्र उतरलं. वंदना झाली, लग्न लागलं, सगळं वेळेत पार पडलं.

जेवताना नवऱ्याचे काका शेजारी बसले. "आपण मस्कतला असता ना? काय करता तिकडे?"

पंगतीतले दहा चेहरे माझ्याकडे वळले. "खासगी क्षेत्रात आहे तो," ताई घाईघाईनं म्हणाली.

"ड्रायव्हर आहे," मी म्हटलं.

काकांनी जिलेबीचा तुकडा तोंडात ठेवला. "तरीच नवरीनं गाडी आणली," ते म्हणाले.

सुट्टीचे उरलेले आठ दिवस मी रोज सकाळी गाडी काढली. प्रज्ञा सासरहून फोनवर सूचना द्यायची. मला नाक घालता यायला लागलं. हॉर्नही वाजवू लागलो, आधी घसा खाकरल्यासारखा, मग जरा मोकळेपणानं. निघायच्या आदल्या दिवशी एकटाच अंबरनाथच्या बाजारातून चाललो होतो. भाजीची पिशवी घेतलेली एक आजी कडेला उभी होती. मी थांबलो, हातानं "या" अशी खूण केली. मागे आरडाओरडा सुरू झाला. आजी हलेना. मग ती हळूहळू माझ्या खिडकीपाशी आली.

"कुठं जायचंय, बाळा? पत्ता पाहिजे का?"

"नाही आजी, तुम्ही जा ना पलीकडे."

"मग थांबलास कशाला? बरं नाही का वाटत?" तिनं पिशवी खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही अशी खात्री झाल्यावरच ती गेली, आणि तीही गाडीच्या मागून.

आता मी मस्कतला परत आलोय. इथले रस्ते सुरेख आहेत, यात वादच नाही. पांढऱ्या पट्ट्यांपाशी मी थांबतो आणि लोक माझ्याकडे न बघता रस्ता ओलांडून जातात. थांबलेल्या माणसाला बरं नसेल, असं इथं कुणाच्या मनातही येत नाही.