पडीचे चिकू

शेवटच्या वर्षाला कॉलेजने आम्हाला कॉम्प्युटरवर धंदा करायला लावला होता. खोटा धंदा. दोघीदोघींची एक कंपनी. माल आपण ठरवायचा, गिऱ्हाइकांचे गट पाडायचे, उत्पादनखर्च भरायचा, की दर फेरीला कुणाचा नफा जास्त ते पडद्यावर यायचं. मला आमच्या चिकूवाडीचा तोरा, म्हणून मी म्हटलं, सुकवलेल्या चिकूच्या फोडी. जोडीला रानशेतची मैत्रीण होती. तिची आई आमच्याच वाडीत चिकू उतरवायला यायची. हे आम्ही दोघीही कॉलेजात बोलत नसू.

गिऱ्हाईक तिनेच बरोबर ओळखलं. समुद्रावर येणारे पर्यटक देखणा डबा बघतात, हायवेवर चारोटीला गाडी थांबवणारे भाव बघतात. "हायवेवाल्यांना साधी पिशवी चालते," ती म्हणाली. तरी तिसऱ्या फेरीला आम्ही तळाला. कच्चा माल महाग पडत होता आणि माझं डोकं फिरलं होतं.

"तुझ्या आईच्या फोडी एवढ्या गोड कशा गं?" मी विचारलं. ती डब्यात आणायची आणि निम्म्या मीच संपवायची.

ती सहज सांगून गेली, पडीचे असतात. झाडावरच पिकून पडलेले, पाखरांनी टोचलेले. व्यापारी ते घेत नाही, म्हणून आमच्या वाडीत माझ्या आजोबांपासूनची रीत, पडीचा चिकू कामाला येणाऱ्या बायकांचा. तिची आई तो पदरात बांधून न्यायची, सुकवून चारोटीला विकायची. त्यातूनच हिची पुस्तकं आणि एसटीचा पास.

मी कच्च्या मालाच्या रकान्यात शून्य भरलं.

"ते नको धरू," ती म्हणाली. "ते आईचं आहे."

"अगं, गेम आहे हा. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

आमचा पहिला नंबर आला. घरी जेवताना मी शेफारून सगळं सांगितलं, त्या शून्यासकट. जिभेला हाड नाही म्हणतात ते असं. माझ्या शिक्षणाला एरवी हसणारे बाबा भात कालवायचे थांबले. म्हणाले, "पोरगी हुशार निघाली." आठवड्याभरात झाडांखाली रिकामे क्रेट आले. पडीचा माल आता त्यात टाकायचा, घरी न्यायचा नाही. चारोटीच्या ज्यूसवाल्याशी बोलणं झालं होतं.

मी नको म्हटलं असतं तर तेव्हा बाबांनी माझं ऐकलं असतं. पण त्यांनी पहिल्यांदाच कौतुक केलं होतं आणि ते मला सोडवेना. आयत्या बिळावर नागोबा, तो मीच.

रविवारी वाडीत गेले. तिची आई शेवटच्या झाडाखाली होती. सवयीने तिने पडीचे चिकू पदरात वेचले होते. मला बघितलं आणि मी काही बोलायच्या आत ते एकेक करून क्रेटमध्ये ठेवले, फुटू नयेत म्हणून हळूच.

"बाय, तुमचा पहिला नंबर आला ना? पोरगी बोलली मला. चांगला झाला."

मावशी, राहू द्या ते तुमच्याकडे, एवढंच म्हणायचं होतं. मी "हो" म्हटलं आणि घरी आले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत माझा हात सवयीने मैत्रिणीच्या डब्याकडे गेला. आत नुसती भाकर होती. तिने ती मोडली आणि अर्धी माझ्यापुढे केली.