भूत चालेल, मरण नको

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत टेलिफोन एक्स्चेंज होतं. खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, एक टेबलफॅन, काचेखाली दाबलेली एक्स्टेन्शन नंबरांची पिवळी पडलेली यादी आणि दिव्यांचा बोर्ड. दिवा लागला की बटण दाबायचं आणि म्हणायचं, "बोला." समोरच्यानं वॉर्ड सांगितला की म्हणायचं, "एक मिनिट, देते." बावीस वर्षं ती हेच म्हणत आली होती. सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणत. लिफ्टवाला सांगायचा, बाईंना मागून हाक मारली तर त्या आधी "बोला" म्हणतात आणि मग वळून बघतात.

दोन दिव्यांच्या मधे जो वेळ उरतो तो कुणाच्या खिजगणतीत नसतो. कधी अर्धं मिनिट, कधी दहा. तेवढ्यात ती वाचायची, आणि वाचायची ती एकाच जातीची पुस्तकं. भुतांच्या प्रेमकथा. रस्त्यापलीकडे भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान होतं, तिथला म्हातारा दुकानदार ती तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. दीपस्तंभातलं भूत टपालवालीच्या प्रेमात पडतं. बेकरीवालीच्या भट्टीत जुना बेकरीवाला राहतो आणि तिचे पाव करपू देत नाही. असलं हलकंफुलकं. नवरा म्हणायचा, "माझ्यासारखा धडधाकट माणूस घरात असताना तुला भूत कशाला हवं?" ती म्हणायची, "भूत निदान ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही."

वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची ती वहीत नोंद करायची. दर वर्षी नवी वही, नव्या आकड्यापासून सुरुवात. पट्टीनं आखलेले रकाने: क्रमांक, तारीख, पुस्तक, भूत कसलं, शेवट कसा, आणि अगदी उजवीकडे, कुणाला द्यावं. या शेवटच्या रकान्यावर तिचा सगळा जीव होता. तिथे लिहिलेलं असायचं, "वॉर्ड दोनच्या सिस्टरला, लग्न मोडल्यामुळे." किंवा, "लिफ्टवाल्याला, भूत विनोदी आहे." वर्ष संपलं की त्यातली दहा निवडून ती एका कागदावर उतरवायची आणि तो कागद लिफ्टमध्ये चिकटवायची. पेशंटचे नातेवाईक वर जाता जाता वाचायचे.

"बाई," लिफ्टवाला विचारायचा, "या इमारतीत एवढी माणसं गेली. एकानं तरी परत येऊन कुणाशी संसार थाटला का?"

"तुझ्या लिफ्टची अवस्था बघून परत फिरले असतील."

नणंद तिच्याहून सहा वर्षांनी लहान. लग्न झालं तेव्हा ही तिला थट्टेनं वन्सं म्हणायला लागली, अहो-जाहो करायला लागली, आणि ती थट्टा अंगवळणी पडली. नणंद पुस्तकांच्या वाटेला फारशी जायची नाही. तिला एक मुलगी होती, नऊ वर्षांची, आणि तिच्यामागे धावण्यात दिवस जायचा.

मार्चमध्ये मुलीला ताप आला. वॉर्ड चारमध्ये ठेवलं. वडील कामासाठी दुसऱ्या गावी होते, ते निघाले होते. नणंद दोन दिवस खुर्चीतून उठली नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरल्यासारखा वाटला तेव्हा ऑपरेटरबाई जेवणाच्या सुट्टीत वर गेली आणि म्हणाली, "वन्सं, घरी जाऊन अंघोळ करून या. कपडे बदला. मी आहे ना."

नणंद गेली. ही खाली आली.

तीनच्या सुमारास वॉर्ड चारचा दिवा लागला, आणि सिस्टरनं बाहेरची लाईन मागितली. सांगितलेला नंबर तिला पाठ होता. तिनं तो फिरवला. पलीकडून नणंदेचा आवाज आला आणि बावीस वर्षांच्या सवयीनं हिच्या तोंडून निघालं, "हॉस्पिटलमधून फोन आहे. एक मिनिट, देते."

आणि तिनं दिला.

ऑपरेटरनं लाईनवर थांबायचं नसतं. ती थांबली नाही.

पुढचे दिवस कसे गेले हे त्या घरातल्या कुणालाच सांगता येणार नाही. नणंद भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एप्रिलच्या शेवटी एकदा दुपारी तीन वाजता एक्स्चेंजमध्ये बाहेरच्या लाईनचा दिवा लागला.

"बोला."

"वहिनी, मी. ही वेळ जात नाही. तुझ्या त्या पुस्तकांतलं एखादं दे मला. भूत चालेल, मरण नको. जो मेलाय तो पुस्तक सुरू व्हायच्या आधीच मेलेला असू दे. मधे कुणी मरता कामा नये."

"देते," वहिनी म्हणाली.

तिनं दीपस्तंभाचं पुस्तक पाठवलं. नणंदेनं तीन दिवसांत संपवलं. मग बेकरीवालीचं. मग दर दुपारी तीनला फोन यायला लागला. कधी भुताची चेष्टा, कधी नायिकेला शिव्या. "अगं, हिला कळत कसं नाही? आरशात दिसत नाही, सावली पडत नाही, आणि ही म्हणते किती अबोल माणूस आहे!" ते ऐकून ऑपरेटरबाई पहिल्यांदा हसली आणि हसता हसता तिनं बोर्डाच्या कडेवर कपाळ टेकलं. नणंद पलंगावरून उठून खुर्चीत बसायला लागली होती. खिडकी उघडत होती. भाऊ घरी येऊन बायकोला म्हणाला, "तुझ्या भुतांनी माझ्या बहिणीला धरून ठेवलंय बघ."

एक गोष्ट ऑपरेटरबाईनं कुणालाच सांगितली नव्हती. मार्चपासून तिला वाचता येत नव्हतं.

डोळे धड होते. नंबर दिसत होते, यादी दिसत होती. पण पुस्तक उघडलं की तिसऱ्या ओळीवर काहीतरी तुटायचं आणि शब्द एकमेकांना ओळखेनासे व्हायचे, लग्नघरात चुकून शिरलेल्या परक्या माणसांसारखे. ती पहिल्या ओळीवर परत यायची. पुन्हा तिसरीवर सगळं संपायचं. जून-जुलैत तिनं प्रयत्न सोडला.

सुरुवातीला अडलं नाही. जुन्या वर्षांच्या वह्या होत्या. त्यांतली पुस्तकं तिनं खरोखर वाचलेली होती, ती ती देत गेली. नणंद मात्र झपाट्यानं वाचायची आणि वर विचारायची, "वहिनी, यंदाची किती झाली तुझी?" वही कोरी ठेवणं शक्य नव्हतं. मग ती दिलेलं प्रत्येक पुस्तक यंदाच्या वहीत पुन्हा लिहायला लागली, आत्ताच वाचल्यासारखं. ऑक्टोबरात दुकानदार म्हणाला, "बाई, तुमची जुनी सगळी संपली. बाकीची फाटली, रद्दीत गेली. आता नवीच घ्या."

ती नवी घ्यायला लागली. पहिलं पान कसंबसं बघायची, शेवटचं पान बघायची, मागच्या कव्हरावरचा मजकूर दुकानदाराकडून वाचून घ्यायची. "चष्मा विसरले," म्हणायची. त्यावरून वहीत नोंद: भूत कसलं, शेवट कसा. आणि उजव्या रकान्यात एकच शब्द, वन्सं. खोटं एकदा पचलं की दुसऱ्या खोट्याला ढेकरसुद्धा येत नाही.

डिसेंबरात तिनं घड्याळजीचं पुस्तक दिलं. नोंद केली: "क्रमांक चौऱ्याहत्तर. घड्याळं दुरुस्त करणारं प्रेमळ भूत. शेवट गोड. मधे कुणी मरत नाही."

नणंदेनं ठरवलं होतं की वर्षाची यादी यंदा दोघींनी मिळून करायची. वर्षाच्या शेवटच्या रविवारी सकाळी ती आली. भाऊ सामान आणायला बाहेर गेला होता. ऑपरेटरबाईनं टेबल पुसून वही काढून ठेवली होती, पेन्सिलला टोक केलं होतं.

नणंद बसली नाही. तिनं पिशवीतून घड्याळजीचं पुस्तक काढून वहीशेजारी ठेवलं.

"पान एकशे त्रेचाळीस," ती म्हणाली.

"काय झालं, वन्सं?"

"तूच सांग ना काय झालं. तू वाचलंयस."

ऑपरेटरबाईनं पुस्तकाकडे बघितलं. पहिलं पान तिनं बघितलं होतं. घड्याळाच्या दुकानात नायिका येते. शेवटच्या पानावर दोघं हातात हात घालून उभे होते. जे काही होतं ते मधे होतं.

"वन्सं, माझ्या ध्यानातून गेलं असेल. इतकी पुस्तकं..."

"ध्यानातून?" नणंदेचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "लहान मुलगी आहे त्यात. तापानं जाते. सात पानं लागतात तिला जायला. सात पानं, वहिनी. आई पाणी आणायला गेलेली असते. हे तुझ्या ध्यानातून गेलं?"

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मी वाचलं नव्हतं," ऑपरेटरबाई म्हणाली.

"वाटलंच." नणंद खुर्चीत बसली. "आणि बाकीची?"

"जुनी वाचलेली होती. पूर्वी. ऑक्टोबरपासूनची नाही."

"तुला माहितेय, मी कशाच्या जोरावर वाचायचे? प्रत्येक पान उलटताना वाटायचं, वहिनी इथून आधी गेलीय. खड्डे कुठे आहेत ते बघून आलीय. नाहीतर मी एक पान उलटलं नसतं. गोष्टींत काय ठेवलंय? मी तुझ्या मागून चालत होते. आणि पुढे कुणी नव्हतंच."

"वन्सं, तुम्हाला बरं वाटत होतं. मला नाही म्हणवेना."

"पण तू वाचणं सोडलंस का? जेवण सोडशील, पण पुस्तक नाही सोडणार तू. काय झालं होतं?"

ऑपरेटरबाईनं वहीवरची पेन्सिल उचलून बाजूला ठेवली. नणंदेनं वही पुढे ओढली. उत्तर वहीत असेल असं काही तिला वाटलं नसावं. हाताला चाळा हवा होता. ती पानं मागे मागे उलटत गेली. डिसेंबर, ऑक्टोबर, मे. मार्चपाशी तिचं बोट थांबलं. क्रमांक अकरा. तारीख होती, पुस्तक होतं, भूत कसलं तेही होतं. पुढचे दोन रकाने कोरे. ऑपरेटरबाई पुस्तक हातात घेतल्याबरोबर तारीख लिहायची, ही तिची बावीस वर्षांची शिस्त.

"हे त्या दिवशीचं आहे," नणंद म्हणाली.

"हो."

"दुपारी वाचत होतीस?"

"हो."

"वॉर्डातून फोन आला तेव्हा?"

आता खोटं बोलायला जागा होती. नणंदेनं ती ठेवली होती, एखाद्यासाठी बाकावर ठेवतात तशी. ऑपरेटरबाईला ती दिसलीसुद्धा. पण आठ महिने खोटं लिहून लिहून तिच्या हातातलं बळ सरलं होतं.

"दिवा लागला तेव्हा वाक्याच्या मधे होते," ती म्हणाली. "वाक्य संपवलं आणि मग बटण दाबलं."

तिला सांगायचं होतं की चार सेकंद असतील, फार तर पाच. त्यानं काही बदललं नसतं, सिस्टर सांगणार होती ते झालेलंच होतं. ते वाक्यही तिला सांगायचं होतं, कारण ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं आणि ते अगदी फालतू होतं, कुणाच्या तरी केसांबद्दल. यातलं काहीच तिनं सांगितलं नाही.

नणंदेनं वही मिटली. नीट, कोपरे जुळवून.

"मी आहे ना, म्हणाली होतीस," ती म्हणाली. "मी अंघोळ केली त्या भरवशावर. केससुद्धा धुतले."

ती उठली. दारात चपला घालताना तिचा तोल गेला, वहिनीनं हात पुढे केला, तिनं भिंत धरली. भाऊ जिन्यात भेटला असणार, वर आल्यावर त्यानं विचारलं, "एवढ्यात गेली? यादी झाली?" बायको वहीवर हात ठेवून बसली होती. त्यानं पिशव्या खाली ठेवल्या आणि पुन्हा विचारलं नाही.

जानेवारीत लिफ्टवाल्यानं विचारलं, "बाई, यंदाचा कागद?"

"यंदा नाही."

"भुतं संपावर गेली म्हणायची."

"हो," ती म्हणाली, आणि तो पुढचा विनोद गिळून बसला.

तीन वाजता बाहेरच्या लाईनचा दिवा लागायचा, कारण तीन वाजता जगातली पुष्कळ माणसं हॉस्पिटलला फोन करतात. ती दर वेळी तत्परतेनं बटण दाबायची. नणंद नसायची. भाऊ रविवारी बहिणीकडे जाऊन यायचा. एकदा म्हणाला, "पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडते. काही देऊ का वाचायला, म्हटलं तर उत्तरच देत नाही. तुमचं काही बिनसलंय का?" ती म्हणाली, "हो." त्याला वाटलं नणंदा-भावजयांचं काहीतरी, निवळेल.

घड्याळजीचं पुस्तक तिनं परत केलं नव्हतं. नव्या वर्षात तिनं ते पहिल्या पानापासून उघडलं. तिसऱ्या ओळीवर शब्द सुटले. ती परत आली. आणखी एकदा. एका दिवसात कधी चार ओळी, कधी अर्धं पान. दिवा लागला की वाक्य जिथे असेल तिथे सोडून द्यायचं, हे तिनं स्वतःला लावून घेतलं. एकशे त्रेचाळीसाव्या पानापर्यंत पोचायला फेब्रुवारी संपत आला. मग ती सात पानं. ती तिनं सलग वाचायचा प्रयत्न केला, पण दिवे लागत होते. वॉर्ड दोन, मेडिकल स्टोअर, वॉर्ड चार, वॉर्ड चार. मूल मधल्या मधे थांबायचं, तिची वाट बघायचं, आणि ती परतली की पुन्हा मरायला लागायचं.

पुस्तक संपल्यावर तिनं नवी वही आखली. क्रमांक एक. भूत कसलं: घड्याळजी. शेवट कसा: गोड. त्याखाली, रकान्याबाहेर जात: "पान १४३ ते १४९, मुलगी तापानं जाते. आई जवळ नसते. वाचलं."

उजवा रकाना राहिला. तिनं पेन तिथे टेकवलं. वन्सं या शब्दाचा पहिला टिंबाएवढा ठिपका उमटला.

बाहेरच्या लाईनचा दिवा लागला. तीन वाजून गेले होते. तिनं पेन तसंच सोडलं आणि बटण दाबलं.

"बोला."

कुणीतरी अनोळखी बाई होती. घाबरलेली, धाप लागलेली. वॉर्ड चार मागत होती.

"एक मिनिट," ती म्हणाली, "देते."