पुढच्या सीझनला कोण राहणार

मार्चमधला बुधवार होता. युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची सीझनमधली शेवटची मॅच नुकतीच संपली होती. आम्ही हरलो होतो, पण त्या हरण्याने काही बिघडणार नव्हतं. टीम लीगच्या मधोमध होती. वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार नव्हती आणि खाली घसरणारही नव्हती. लीड्समध्ये त्या दुपारी कधी नव्हे ते लख्ख ऊन पडलं होतं आणि स्पोर्ट्स सेंटरच्या कॅफेत आम्ही तिघं चहा घेत बसलो होतो.

तिघं म्हणजे मी आणि दोन म्हातारी माणसं. एक निवृत्त बस ड्रायव्हर. पूर्वी ते या टीमला बाहेरगावच्या मॅचेसना घेऊन जायचे. नोकरी संपली तरी मॅच बघायची सवय सुटली नाही. दुसऱ्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या राहतात स्पोर्ट्स सेंटरसमोरच. एकदा पोहायला आल्या असताना हॉलमधला आरडाओरडा ऐकून डोकावल्या, तेव्हापासून येतातच आहेत. दोघांनाही मी नावाने हाक मारते, इथली तशीच पद्धत. पण मनात ते काका आणि त्या बाई. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, तरी माझ्या कानाला ते मला 'तू' म्हणतात असंच ऐकू येतं. काका तर इथल्या म्हाताऱ्यांसारखं येताजाता 'लव्ह' म्हणतात, आपल्या 'बाळ'सारखं.

बाईंनी वही काढली. शेवटच्या मॅचनंतर त्या दरवर्षी यादी करायच्या. पानाच्या एका बाजूला राहणाऱ्या मुली, दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या.

"अमेरिकेहून आलेल्या दोघी गेल्याच समजा," बाई म्हणाल्या. "त्यांचं मास्टर्स एका वर्षाचं."

"मग रिंगखाली कोण?" काका म्हणाले. "ती चार नंबर? तिला नुसता वारा लागला तरी पडते."

"चार नंबर उन्हाळाभर जिमला जाणार आहे. मी विचारलं तिला."

"उन्हाळाभर जिमला जाणार असं मीही दरवर्षी म्हणतो."

बाई हसल्या नाहीत. यादी करताना त्या हसत नसत. त्यांनी चार नंबर राहणाऱ्यांत लिहिला, मग पेन माझ्या दिशेने वळवलं.

"आणि नऊ?"

नऊ नंबर म्हणजे माझी मुलगी. टीमची पॉइंट गार्ड. बॉल पुढे आणायचा, कोणी कुठे पळायचं ते हाताने दाखवायचं, ही तिची कामं. तिसरं वर्ष संपत आलं होतं. पुढे तिथेच मास्टर्स केलं तरच ती आणखी एक सीझन खेळू शकणार होती.

"राहणार," मी म्हटलं. "मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय."

ॲडमिशन मिळाली होती हे खरं. पण ती घेणार नाही आणि खेळणारही नाही, हे तिने मला आदल्याच रविवारी सांगितलं होतं.

काकांनी टेबलावर थाप मारली. "मग झालं तर! नऊ आहे म्हणजे निम्मी टीम आहे."

खोटं बोलताना छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. मी चहा संपवला, कप ट्रेमध्ये ठेवला आणि कार पार्कमध्ये जाऊन गाडी सुरू केली.

मी या बाकांवर कशी आले ते सांगायला हवं. मी मूळची नागपूरची, इथल्या एका हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. दिवसभर मायक्रोस्कोप आणि मी. खेळाशी माझा संबंध शाळेतल्या पीटीच्या तासापुरता, तोही पोटात दुखतंय सांगून टाळलेला. बास्केटबॉल नवऱ्याचा. तो नागपुरात कॉलेजच्या टीममध्ये होता आणि मुलगी सहा वर्षांची झाल्यापासून तिला घराजवळच्या पार्कातल्या रिंगखाली घेऊन जायचा. ती लीड्सलाच युनिव्हर्सिटीत गेली तेव्हा त्याने ऑफिसात बोलून बुधवारची दुपार मोकळी करून घेतली, कारण इथे कॉलेजच्या मॅचेस बुधवारी दुपारी असतात. काका आणि बाई ही त्याची मित्रमंडळी. घरी जेवताना तो त्यांची बोलणी सांगायचा आणि मी अर्धं ऐकायचे.

तिच्या पहिल्याच वर्षी, जानेवारीत, तो ऑफिसमधून घरी येताना स्टेशनवर कोसळला. पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं.

त्यानंतरचे आठवडे मला नीट आठवत नाहीत, आणि जे आठवतं ते कोणा दुसऱ्या बाईला झाल्यासारखं आठवतं. लोक डबे घेऊन येत होते. मी डबे घासून परत करत होते. रडू येत नव्हतं. नागपूरहून वहिनी आली होती, ती म्हणायची, "अगं, रडून घे गं, मोकळी हो." मी हो म्हणायचे आणि वॉशिंग मशीन लावायला उठायचे. तिसऱ्या आठवड्यात मी कामावर गेले. स्लाइड्स बघताना माझं बरोबर चाललं होतं. एकही रिपोर्ट चुकला नाही. सगळ्यांना वाटलं, बाई खंबीर आहे.

फेब्रुवारीत एका बुधवारी मुलगी सकाळी बॅग भरताना म्हणाली, "आज मॅच आहे." एवढंच. मी हॉस्पिटलमधून दुपारी निघाले आणि हॉलमध्ये गेले. तिसऱ्या बाकावर काका आणि बाई बसले होते आणि त्यांच्या मध्ये एक जागा मोकळी होती. मी कोण ते त्यांना सांगावं लागलं नाही. काका जरासे सरकले, मी बसले. मॅच संपल्यावर बाई म्हणाल्या, "पुढची मॅच पंधरा दिवसांनी. आपल्याच हॉलमध्ये."

तशी दोन वर्षं गेली. मीही बुधवारची दुपार मोकळी करून घेतली. नियम थोडेफार कळले, फाउल का दिला ते बहुतेक वेळा कळायचं नाही. टीम जिंकली की शेजारचे दोघं उठायचे म्हणून मी उठायचे. घरी मी आणि मुलगी मॅचबद्दल फारसं बोलत नव्हतो. दुसऱ्या कशाबद्दलही नाही. मी भाजी करायचे, ती जेवायची, ताट धुऊन वर जायची.

तो रविवार. मी ओट्याशी कणीक मळत होते. ती आली आणि फ्रिजला टेकून उभी राहिली.

"आई, मी पुढचा वर्ष नाही खेळणार."

ती इथेच जन्मली. तिचं मराठी घरापुरतं, त्यातलं लिंग आणि वचन तिच्या मर्जीने चालतं. नवरा ते सुधारायचा. मी कधी सुधारलं नाही.

"गुडघा दुखतोय का?" मी विचारलं.

"नाही. माझी गुडघा ठीक आहे. मास्टर्स पण नाही करणार. वॉटफर्डला जॉब मिळाला. समरमध्ये स्टार्ट."

"बरं."

"बरं? फक्त बरं?"

मी कणकेवर ओला हात फिरवला.

"बाबा गेल्यावर मला सोडायचं होतं," ती म्हणाली. "तेव्हाच. मग तू यायला लागली. मला वाटलं, तुला बरं वाटतं तिथे, म्हणून मी खेळत राहिली. पण तू बघत नाही, आई. तू फक्त बसते."

मी तिच्याकडे पाहिलं.

"तू येते कारण मी खेळते," ती म्हणाली, "आणि मी खेळते कारण तू येते. दॅट्स मॅड, आई."

"मला वाटलं, तुला कोणीतरी यायला हवं आहे," मी म्हटलं.

"मला माहितीये."

ती पुढे आली, कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं. माझे हात कणकेने भरलेले होते, त्यामुळे मी तिला धरलं नाही. हात धुऊन धरता आलं असतं. तोवर ती वर गेली होती. मी सात पोळ्या लाटल्या.

तरीही तीन दिवसांनी कॅफेत मी 'राहणार' म्हटलं. का म्हटलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, त्या क्षणी एवढंच दिसत होतं की नऊ नंबर जाणाऱ्यांच्या बाजूला गेला की मीही त्याच बाजूला जाणार. खेळाडू नाही, तर तिची आई कशाला येईल? आणि बुधवारी दुपारी बसायला मला दुसरी जागा नव्हती. दुःख होतंय म्हणून नव्हे. ती दुपार कुठे ठेवायची, हा नुसता व्यवस्थेचा प्रश्न होता.

उन्हाळ्यात मुलगी गेली. मी तिला वॉटफर्डला सोडून आले. तिची खोली एका मराठी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर होती. खालच्या काकूंनी मला पोहे दिले आणि म्हणाल्या, "काळजी करू नका हो, आमची मुलगीच समजा." मी बरं म्हटलं. परत येताना मोटरवेवर काम चालू होतं, पाच तास लागले. त्या पाच तासांतलं मला काही आठवत नाही.

काका, बाई आणि मी, असा आमचा फोनवर एक ग्रुप आहे. उन्हाळाभर त्यांचे मेसेज येत होते. कोच बदलणार नाही असं कळलंय. चार नंबर खरंच जिमला जातेय, बाईंनी तिला पाहिलं. शेफिल्डहून एक उंच मुलगी पहिल्या वर्षाला येतेय. वरच्या डिव्हिजनला जाण्याची आशा आहे की नाही, यावर दोघांचा वाद चालायचा. काकांना दरवर्षी आशा असते. बाई म्हणायच्या, रिबाउंड घेणारं, म्हणजे रिंगवरून परत आलेला बॉल पकडणारं, कोणी नसेल तर आशा चुलीत घाला. त्यांचं इंग्रजी वाक्य वेगळं होतं, पण अर्थ तोच. मी मध्ये मध्ये अंगठा पाठवायचे. त्या सगळ्या चर्चेत नऊ नंबरचा विषय एकदाही आला नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेव्हा मला फार काही लक्षात येत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये पहिली मॅच आली. मी दुपारी हॉस्पिटलमधून निघाले आणि हॉलच्या दाराशी थांबले. मुली वॉर्मअप करत होत्या. आता सांगणं भागच होतं, कारण दहा मिनिटांत त्यांना डोळ्यांनी दिसणार होतं. मी जाऊन बसले. काका डावीकडे, बाई उजवीकडे.

"मला काही सांगायचंय," मी म्हटलं. "मार्चमध्ये मी खोटं बोलले. ती राहणार नव्हती. तिने मला आधीच सांगितलं होतं."

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कोर्टाकडे.

"आम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "एप्रिलमध्येच कळलं. ती माझ्या घरी आली होती."

"माझी मुलगी?"

"हो. म्हणाली, आईने तुम्हाला मी राहणार म्हणून सांगितलं असेल, तर तिला खोटं पाडू नका. आणि पुढच्या वर्षी ती आली नाही तर तिला फोन करा."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तू सांगशील तेव्हा सांगशील, म्हटलं," काका म्हणाले. "त्यात काय, लव्ह. आम्ही कुठे जाणार होतो?"

मी मान हलवली. मॅच सुरू झाली. मी समोर बघत होते आणि गालाला काहीतरी लागतंय म्हणून हात लावला, तर ओलं होतं. आत कुठे दुखत नव्हतं, हुंदका नव्हता, नुसतं पाणी येत होतं. ते बराच वेळ आलं. बाईंनी पर्समधून टिश्यूचं पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. काकांनी रेफरीला शिव्या दिल्या.

मध्यंतरात मी बाहेर जाऊन वॉटफर्डला फोन लावला. तिने ऑफिसमधून हळू आवाजात उचलला.

"आई? काय झालं?"

"मी मॅचला आलेय."

"कोणाच्या?"

"तुमच्याच टीमच्या."

"कशी आहे टीम?"

पहिला अर्धा खेळ माझ्यासमोर झाला होता आणि मी त्यातलं काही पाहिलं नव्हतं. "बघून सांगते," मी म्हटलं.

"बघ हां. खरंच बघ."

आत येऊन मी बसले आणि पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा माझी मुलगी कोर्टवर नव्हती, त्यामुळे नजर एका ठिकाणी खिळत नव्हती. दहाही जणी दिसत होत्या. शेफिल्डची उंच मुलगी आली होती. रिंगखाली तिची जागा बरोबर असायची, पण बॉल तिच्याकडे पोचतच नव्हता. कोचने तिला बसवलं आणि चार नंबरला उतरवलं.

"बरं केलं," काका म्हणाले. "ती अजून लहान आहे."

"नाही," मी म्हटलं. "तिला काढायला नको होतं. ती मोकळी असते, पण तिच्याकडे कोणी बघतच नाहीये."

दोघांनीही माझ्याकडे वळून पाहिलं. मी या बाकावर मत दिल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"मोकळी असून काय उपयोग," काका म्हणाले, "बॉल हातातून निसटतो तिच्या."

"एकदाच निसटला."

"दोनदा," बाई वहीत बघून म्हणाल्या. "पण मुद्दा बरोबर आहे."

काकांना तो मुद्दा मुळीच पटला नाही. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत आम्ही भांडत होतो.