पाहुण्यांनी ठेवून दिलेलं गिनीपिग

नागावच्या आमच्या होमस्टेमध्ये लोक चार्जर विसरतात, ओले टॉवेल विसरतात. पुण्याच्या एका कुटुंबाने मात्र जाताना खोलीत खोक्यातलं गिनीपिग ठेवलं. मी फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, "विसरलो नाही हो. मुलीला कंटाळा आलाय त्याचा. तुमच्याकडे वाडी आहे, गवत आहे. राहील की."

पहिले आठ दिवस ते खोक्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलं. मी दुपारी पाहुण्यांची जेवणं आटोपली की शेजारी बसून कोथिंबीर निवडायची. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. एके दिवशी त्याने माझ्या बोटांतली काडी हळूच ओढून घेतली. पुढे माझी चाहूल लागली तरी शिट्टी मारल्यासारखं ओरडायचं, मांडीवर घेतलं की घुरघुरायचं. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या घरात माझ्या येण्याचा एवढा आनंद कुणाला झाला नव्हता.

"चांगलं माणसाळलंय," नवरा म्हणाला. "पडवीत ठेवू. पाहुण्यांची पोरं खेळतील."

"घाबरेल ते."

"घाबरायला काय झालं? कोण खाणार हाय त्याला?"

मीच खोका पडवीत नेऊन ठेवला. पाहुणे त्याचे फोटो टाकायचे, सोबत माझ्या जेवणाचंही कौतुक लिहायचे. ते मला आवडायला लागलं होतं, हेही खरं.

एका शनिवारी सहा-सात वर्षांच्या मुलीने त्याला खांद्यावर चढवलं आणि ते फरशीवर आपटलं. मागचे पाय हलेनात. मुलीची आई निघताना म्हणाली, "सॉरी हं. नवीन आणा, आम्ही पैसे पाठवतो."

"राहू द्या हो, चालायचंच," नवरा हसून म्हणाला. मीही हसले. वर त्या मुलीच्या हातात शहाळं दिलं. नवऱ्याच्या हसण्यापेक्षा माझ्या हसण्याचा राग मला अजून येतो.

ते गेल्यावर मी त्याला अलिबागला नेलं. डॉक्टर म्हणाले, पाठीचा कणा मोडलाय, फार दिवस काढणार नाही. तिसऱ्या दिवशी मी ड्रॉपरने पाणी पाजत असतानाच त्याने मान टाकली.

पंधरा दिवसांत नवऱ्याने नवीन जोडी आणली. मी दोन वेळा खायला घालते, पिंजरा साफ करते आणि लगेच निघते. त्यांनी मला ओळखू नये, एवढीच काळजी घेते.