दुसरी डहाळी

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पण तो माझं ऐकतो का, ही शंका त्या श्रावणात मनात घर करून बसली. लढाईचे दिवस होते. पाच वर्षांची माझी लेक तापातून उठली, पण उजवा पाय लुळा पडला. तिला पाठीवर घेऊन भीमाशंकर चढायचा नवस मी बोलले. आमचे हे म्हणाले, "पाऊस उघडू दे गं, मग जाऊ." मी कसली ऐकते! लेकीला पाठीशी बांधलं आणि खांडसहून एकटीच घाट चढू लागले.

ती वाट साऱ्यांचीच. मिठाचे बैल, गुरं, मोळीवाल्या ठाकर बायका, यात्रेकरू, सगळे तिथूनच जात. त्या दिवशी मात्र धुक्यात चिटपाखरू नव्हतं. एके ठिकाणी वाट दुभंगली. उजव्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी ठेवलेली. आमच्या खालच्या गावांत वाटसरू रानदेवाला डहाळी वाहतात. मला वाटलं, देवाचं ठिकाण आहे म्हणजे वाट हीच. मीही एक डहाळी तोडून वर ठेवली, नमस्कार केला आणि ओलांडून पुढे गेले.

थोड्याच वेळात पायाखालची माती सरकली. पुढे वाटच नव्हती. कडा ढासळला होता आणि खाली नुसतं धुकं. एका झुडपाला धरून मी जागच्या जागी खिळले. मागे वळावं तर पाय घसरे. "आये, घरी चल," म्हणत लेक पाठीवर रडू लागली. आधी मी देवावरच चिडले, तुझ्याच पाया पडायला आले ना रे? मग झुडपाची मुळं सुटू लागली आणि राग कुठच्या कुठे गेला. नवस नको, पाय नको. माझं काय व्हायचं ते होवो, एवढी पोर ठेव.

"हलू नको गं बाय!" मागून हाक आली. एका म्हाताऱ्या ठाकरणीने मोळीचा दोर माझ्याकडे टाकला आणि आम्हाला ओढून घेतलं. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती करवादलीच, "डहाळी आडवी म्हंजे वाट बंद, येवढं बी ठावं नाय तुला? सकाळी मीच टाकली व्हती, एकच. आता बघते तर दोन! म्हटलं, कोनतरी आत गेलंय."

याला योगायोग म्हणा की आणखी काही, मी वाद घालत नाही. तिने देवळापर्यंत सोबत केली. गाभाऱ्यात लेकीचा पाय मागायला गेले, पण कड्यावर काय मागितलं होतं ते आठवलं आणि नुसतं लेकीचं डोकं पिंडीपुढे टेकवलं.

पाय काही बरा झाला नाही. काय द्यायचं ते त्याने ठरवावं, माझं आता गाऱ्हाणं नाही. अंगणातून तिचं पाऊल फरफटत आल्याचा आवाज आला की मी हातातलं काम सोडून हात जोडते.