सातवी काच

लॅबमध्ये अकरा वर्षं टेस्टट्यूब विसळणारी म्हणून सगळे तिला नळीताई म्हणत. चाळिशीत तिनं तिथल्याच तंत्रज्ञाच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा नवरा म्हणाला, "आता ह्या वयात?"

"पक्की नोकरी लागेल," ती म्हणाली. त्याच्या कारखान्याला टाळं लागलं होतं, लेकीचं शिक्षण व्हायचं होतं. दुसरं काही कारण असू शकतं हे तिच्या गावीही नव्हतं.

पण मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि ती तिथंच गुंतली. वर्ग सुटला तरी ही आपली रक्ताच्या काचा बघत बसायची. शिकवणाऱ्या बाई, निवृत्तीला आलेल्या, कुलूप घेऊन दारात उभ्या राहायच्या. "चल गं, घरदार आहे का नाही तुला?"

परीक्षेला दरवर्षी त्याच दहा काचा असत. कुठल्या नंबरात काय, याची यादी जुन्या मुली नव्यांना देत. सात नंबर, हिवताप. वर्गातल्या बाराही जणींना तोंडपाठ. पहिल्या दोघींना नोकरी.

परीक्षेत ती सातव्या काचेवर आली. हिवतापाचा जंतू कुठंच नाही! एका तांबड्या पेशीवर प्लेटलेट बसली होती, एवढंच. घाईत कुणालाही जंतू वाटावा. तिनं काच सरकवली, परत सरकवली. नाही म्हणजे नाही. पण बाकी अकरा जणी हिवताप लिहिणार आणि ही एकटी शहाणी मागं राहणार. लेकीचं तोंड डोळ्यांपुढं आलं. तिनं लिहून टाकलं, हिवताप.

ती दुसरी आली. रुजू व्हायच्या सकाळी बाईंनी तिला बाजूला घेतलं. "जुनी सातवी काच फुटली. मी मुद्दाम निरोगी माणसाची ठेवली होती. सगळ्यांचे मार्क सारखेच गेले, तुझी नोकरी कुठं जात नाही. पण वाटलं होतं, तू तरी बघशील."

गप्प बसली असती तर निभावलं असतं. तिला ते गिळवेना.

"बघितलं होतं, बाई."

"मग?"

"नोकरी हवी होती."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती एक काच पुढं ठेवली. चार वर्षांची पोर, आठ दिवस ताप. तिची आई बाहेर बाकावर बसली होती. "काय आहे ते सांग."

नळीताईनं डोळा लावला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिला अगदी स्पष्ट दिसत होतं. तरी ती म्हणाली, "बाई, तुम्ही एकदा बघता का?"