टाकीवाल्या काकूंचा ग्रुप

आमच्या नेत्याने टाकीवाल्या काकूंना फसवलं आणि काकूंचं नाव वापरून आम्हां सगळ्यांना. आधी हे लिहून टाकतो, कारण टिटवाळ्यात आता जो तो "जाऊ द्या हो" म्हणायला लागलाय.

काकू ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नसत. पाणी आल्याची कुणकुण लागली की पदर खोचून गच्चीवर जायच्या, टाकीचं झाकण उघडून आत डोकवायच्या आणि मगच फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहायच्या, "पाणी आलं. भरून घ्या." पाण्याच्या एका लाइनवरच्या सगळ्या इमारती त्या ग्रुपमध्ये होत्या. एका भाडेकरणीने तो उघडून दिलेला; ती गेल्यावर काकू ॲडमिन झाल्या. ग्रुपवर फोटोही त्यांचाच, टाकीशेजारी उभं राहून काढलेला. कोणी उगाच काही टाकलं की काकू विचारायच्या, "स्वतः पाहिलंस? नाही ना? मग पूस ते."

माझं नळ-पाइपचं दुकान. हातगाडीपासून उभं केलंय, भावात मी कोणाला ऐकत नाही. काकूंनी एकदा नळ कानाशी धरून हलवला. "आतलं वायसर सैल आहे. हा भाव याचा की चांगल्याचा?"

माझं डोकं फिरलं. "मग दुसरीकडे जा!"

"जाते की. छत्री इथेच ठेवते, परत यायचंच आहे."

परत आल्या आणि त्यांच्याच भावात नळ घेऊन गेल्या.

पुढे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नेत्याचा फोनवरचा प्रचार सांभाळणारा माणूस शहाळी घेऊन हजर. ऑपरेशनचं त्याला कोणी सांगितलं, देव जाणे. "काकू, तुम्ही आराम करा. पाण्याचं मी टाकतो."

तो गेल्यावर मी म्हटलं, "काकू, फुकट देणारा भाव नंतर सांगतो."

"तुला मेल्या सगळीकडे संशय! लोकांना पाण्याचं कळायला नको?" म्हणाल्या आणि त्याला ॲडमिन करून टाकलं.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मेसेज आला : "उद्या सकाळपासून चोवीस तास पाणी. साहेबांनी शब्द पाळला. – काकू." लोकांनी टँकर नको म्हणून कळवलं, सकाळी मतं देऊन आले. नळ कोरडे.

काकूंनी ग्रुपवर खुलासा करायला घेतला, तर लिहिताच येईना. फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी सोय त्या माणसाने करून ठेवली होती आणि काकूंना ॲडमिनमधून काढलं होतं. मग काळा चष्मा लावून, जिन्याचा कठडा धरत त्या दारोदार फिरल्या. "मी नाही गं लिहिलं."

तळमजल्यावरच्या बाळंतिणीच्या घरात थेंब नव्हता. ती म्हणाली, "काकू, तुमचं नाव वाचलं म्हणूनच टँकर नको म्हटलं ना."

काकू तिथेच पायरीवर बसल्या.

मी नेत्याच्या ऑफिसात गेलो. तोच माणूस हसत म्हणाला, "शेठ, मिटवू या. काकूंचा सत्कार करतो, मस्त रील बनवतो."

"नाव त्यांचं वापरलंत, आता तोंडही वापरणार?" मी ओरडलो. आतल्या खोलीत साहेब हात जोडून कॅमेऱ्यासमोर बसले होते. कोणीतरी ते दार लावून घेतलं.

काकू आता डोंबिवलीला मुलीकडे असतात. साधा फोन वापरतात. मी फोन केला की पहिला प्रश्न, "पाणी आलं का रे?" आलं म्हटलं की दुसरा, "तू पाहिलंस?" दुकान सोडून मला गच्चीवर जावं लागतं.

ग्रुप अजून चालू आहे. वर फोटो काकूंचा, खाली शुभेच्छा साहेबांच्या. साहेब, आयुष्यभर मी घासाघीस केली, पण या सौद्यात एक पै कमी करणार नाही. त्याच ग्रुपवर, स्वतःच्या नावाने लिहा : तो मेसेज काकूंचा नव्हता. कधी लिहिताय?